आप्पांचा फोन आणि ते चार सेकंद: अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या गुरुवारी रात्री साडेआठला आप्पांनी मिरजेला फोन लावला. आत्याबाईंनी तो उचललाही. मग पाच मिनिटं आप्पा नुसतं "हॅलो... अगं बोल की... हॅलो" म्हणत बसले. पलीकडे आत्याबाईंना यांचं सगळं ऐकू जात होतं, पण त्यांचा आवाज इकडे येत नव्हता. शेवटी आप्पांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "तिची तब्येत बरी नाही वाटतं, बोलली नाही." अकरा महिने वापरात असलेल्या फोनने त्या रात्री घरात नसती काळजी आणली. दोष सापडून दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत हा फोन मला इतका कळला की आता लिहायला हरकत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. माझे सासरे, आप्पा, ८१ वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि २०२२ मध्ये इकडे आले. कानाला यंत्र आहे, मोबाइलच्या काचेवर बोटं टेकवायचा त्यांना वीट आहे. आत्याबाईंकडे साधी लँडलाइन, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्नच नाही. म्हणून घरात मोठ्या बटणांचा टेबलावरचा फोन हवाच होता. इंटरनेट कंपनीच्या जोडीने घेतलेल्या फोनचं करासकट महिन्याला ४१ डॉलर बिल यायचं आणि त्यात भारतातले कॉल वेगळे. मी अकाउंट्सचं काम करते, नेटवर्कचं नाही. पण ४१ डॉलर कशाचे, हे कोणी मला नीट समजावून सांगू शकलं नाही, तेव्हा मी स्वतःच सगळं मांडायचं ठरवलं. एका प्रीपेड इंटरनेट-फोन सेवेत खातं काढलं, जुना नंबर तिकडे नेला आणि साधा फोन इंटरनेटवर चालवणारा, एका फोनपुरता छोटा अडॅप्टर घेऊन तो राउटरला जोडला. आप्पांचा फोन तोच, जागा तीच, डायल टोनही तसाच.

ज्यांनी हे केलंय त्यांना एसआयपी (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) खातं म्हणजे काय, अडॅप्टरची सेवेकडे नोंदणी म्हणजे काय, हे सांगायला नको. कोडेकचं, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायच्या पद्धतीचं, एवढंच सांगते: मी जी.७११ ठेवला. त्याला आवाजासाठी सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि जी.७२९ ला फक्त ८. पण घरातल्या इंटरनेटवर ती काटकसर कशाला? कानाच्या यंत्रातून ऐकणाऱ्या माणसाला हा फरक कळतो. आप्पांनी पहिल्याच दिवशी ओळखला.

माझा सगळा जीव गेला तो मात्र चार सेकंदांत.

अडॅप्टर आला तेव्हा त्याचं गणित असं होतं: शेवटचं बटण दाबल्यावर चार सेकंद काही दाबलं नाही, तर नंबर संपला असं समजायचं आणि फोन लावायचा. तरुण माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. आप्पा नंबर कसा फिरवतात ते बघा. डायरी उजव्या बाजूला उघडी ठेवतात. चष्मा कपाळावरून खाली घेतात. तीन आकडे मोठ्याने वाचतात, वळून दाबतात, पुन्हा डायरीत बोट ठेवून पुढचे तीन शोधतात. या शोधण्यात चार सेकंद सहज जातात. की अडॅप्टर अर्धवट नंबर घेऊन पळालाच! कानात बाईचा इंग्रजी निरोप येतो की हा नंबर अस्तित्वात नाही. आप्पांना वाटे डायरीत चुकीचा लिहिलाय. दोन जुन्या मित्रांचे अगदी बरोबर असलेले नंबर त्यांनी खोडून टाकले होते, हे मला नंतर कळलं. फार वाईट वाटलं.

मग मी चाराचे बारा सेकंद केले. अर्धवट नंबर जायचे थांबले, पण आता नंबर पुरा दाबल्यावर बारा सेकंद शुकशुकाट. सासूबाई चार-पाच सेकंद वाट बघून ठेवून द्यायच्या आणि पुन्हा लावायच्या. शेवटी चौकट (#) दाबली की लगेच लागतो, असं त्यांना सांगितलं. दोन दिवस लक्षात राहिलं, तिसऱ्या दिवशी विसरल्या. आणि का लक्षात ठेवावं त्यांनी? आयुष्यभर फोन लावलेत, चौकट कधी दाबली नाही.

आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एंगलवूड आहे. १० नोव्हेंबर १९५१ रोजी तिथल्या महापौरांनी ऑपरेटरची मदत न घेता दहा आकडे फिरवून कॅलिफोर्नियातल्या अलामेडाच्या महापौरांना फोन लावला होता. अमेरिकेत ग्राहकाने स्वतः थेट फिरवलेला किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा हा पहिला फोन. जोडला जायला १८ सेकंद लागले आणि तेव्हा ते अप्रूप होतं. तेव्हाच्या १८ सेकंदांत यंत्रं देशभर काम करत होती. माझ्या बारा सेकंदांत अडॅप्टर नुसता बसून होता. हे मला पटेना.

उत्तर डायल प्लॅनमध्ये होतं. सेटिंगच्या पानावर ती एकच लांबलचक ओळ असते, चिन्हांनी भरलेली, आणि बहुतेक लोक तिला हात लावत नाहीत. कृपा करून लावा. तिच्यात नंबरांचे साचे लिहायचे असतात. साचा पुरा भरला की अडॅप्टर थांबत नाही, त्याच क्षणी फोन लावतो. साचा अर्धा असेल तर तुम्ही सांगाल तितके सेकंद थांबतो. म्हणजे आप्पांना दोन आकड्यांमध्ये वीस सेकंद मिळतात आणि शेवटचा आकडा पडल्यावर एकही सेकंद वाया जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, हे कळायला मला तीन रविवार लागले.

पुढचा साचा करताना मला अजून एक गोष्ट दिसली. आप्पांच्या डायरीत सगळे नंबर तिकडच्यासारखे लिहिलेत: ०२३३ आणि पुढे सात आकडे. मोबाइललाही आधी शून्य, कारण जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर शून्य लावावंच लागतं आणि इकडे येण्याआधी त्यांच्या हाताला ती सवय पडली होती. अमेरिकेतून लावायचं तर ०११, मग ९१, मग मधलं शून्य गाळून पुढचे दहा. म्हणजे डायरीत एक आणि दाबायचं दुसरंच. मी साचा केला: पहिला आकडा शून्य, दुसरा २ ते ९ यांपैकी कोणताही, पुढे आणखी नऊ, एकूण अकरा आकडे भरले की सुरुवातीचं शून्य काढायचं आणि त्या जागी ०११९१ घालून पाठवायचं. आता आप्पा डायरीतला नंबर जसाच्या तसा दाबतात. मिरजेच्या घरात बसून पुण्याला लावावा तसा.

यात दिल्ली बसत नाही, हे लक्षात ठेवा. दिल्लीचा एसटीडी कोड ०११ आणि अमेरिकेतून परदेशी फोन लावायचा आकडाही ०११. हरियाणा-पंजाबकडचे शून्य-एकने सुरू होणारे कोडही मी मुद्दाम सोडलेत. आमचं तिकडे कोणी नाही. तुमचं असेल तर वेगळा आकडा ठरवावा लागेल.

ज्या दिवशी हे जमलं, त्या दिवशी आप्पांनी खोडलेले दोन्ही नंबर पुन्हा लावून बघितले. एक लागला. दोघं चाळीस मिनिटं बोलले. मी स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकलं, कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पहिल्याच महिन्यात रात्री तीनला फोन वाजायचा, पडद्यावर १००० किंवा १००१ असला नंबर, उचलला तर कोणी नाही. ते कोणा माणसाचं काम नव्हतं. इंटरनेटवर ५०६० हे पोर्ट, म्हणजे एसआयपीचं नेहमीचं दार, उघडं सापडतंय का, हे चाचपत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांचं ते काम. अडॅप्टरमध्ये "फक्त माझ्या सेवेच्या सर्व्हरकडूनच कॉल घ्या" हा पर्याय चालू केला आणि पोर्टचा आकडा बदलला, त्या रात्रीपासून शांतता. परदेशी कॉलही खात्यात फक्त भारतापुरते उघडे ठेवलेत. कोणी पासवर्ड चोरला तरी नुकसान प्रीपेड शिलकेपुरतंच.

९११ चा, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरचा, पत्ता मात्र स्वतः तपासा. इंटरनेटच्या फोनला तुम्ही कुठे बसलात हे आपोआप कळत नाही, तुम्ही नोंदवलेला पत्ताच पुढे जातो. माझ्या सेवेत ९३३ लावलं की नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतात. माझ्या पत्त्यात अपार्टमेंटचा नंबर गळला होता. घरात दोन म्हातारी माणसं, आणि रुग्णवाहिका इमारतीपाशी येऊन दारं वाजवत फिरली असती. तांब्याच्या तारेच्या फोनला वीजही एक्सचेंजकडून मिळायची, याला मिळत नाही. म्हणून राउटर आणि अडॅप्टर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवलेत. मागच्या वादळात दीड तास चालले.

नको असलेल्या कॉलचा बंदोबस्त हे या सेवेचं सर्वात मोठं सुख, असं मी लिहिणार होते. सोशल सिक्युरिटीच्या नावाने धमकावणारे कॉल सासूबाईंना रोज यायचे आणि त्या खरोखर घाबरायच्या. मी माझ्या आवाजात निरोप भरला, आधी इंग्रजीत, मग मराठीत: "नमस्कार, घरच्यांशी बोलायचं असेल तर ५ दाबा." पाच दाबल्याशिवाय घरातला फोन वाजतच नाही. यंत्रं पाच दाबत नाहीत. कॉल एकदम बंद झाले. भारतातून येणाऱ्यांना हा निरोप लागू नये म्हणून ९१ ने सुरू होणारे नंबर थेट सोडले.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. काल औषधं आणायला गेले तर दुकानातला मुलगा म्हणाला, "आठवड्यात तीन वेळा कॉल केला आम्ही." त्यांचा कॉलही यंत्रच करतं आणि यंत्र पाच दाबत नाही. आप्पांची रक्तदाबाची गोळी तयार होऊन चार दिवस तिथे पडून होती. रात्री बसून फोन सेवेच्या पोर्टलवरची कॉलची यादी उघडली, तेव्हा डॉक्टरांच्या ऑफिसचे आठवण करून देणारे सात कॉलही तसेच परत गेलेले दिसले. त्यामुळे मत बदलते: ही सोय चांगली आहे, पण ती चालू करायच्या आधी दवाखाना, औषधाचं दुकान, लॅब, विमा, सगळ्यांचे नंबर थेट सोडायच्या यादीत घाला. नंतर घालू म्हणाल तर राहून जाईल. माझं राहून गेलं होतं.

आता गुरुवारची रात्र. त्याच दुपारी इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन राउटर बदलून गेला होता, वेग वाढवायला. इंटरनेटच्या फोनमध्ये फोन जोडायची बोलणी आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. आधी एसआयपीचा निरोप जातो की आवाज अमुक पत्त्यावर पाठवा, मग आवाज त्या पत्त्यावर येतो. नव्या राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय चालू होती. ती मदत म्हणून निरोपातला पत्ता बदलते, आणि इथे चुकीचा बदलत होती. म्हणून आत्याबाईंचा आवाज भलतीकडेच जात होता. मी कंपनीला तीन वेळा फोन केला, मिळून दोन तास दहा मिनिटं. एकाने राउटर बंद-चालू करायला सांगितलं. दुसऱ्या बाईंनी त्यांचा ४१ डॉलरवाला फोन पुन्हा घ्या म्हणून सुचवलं. तिसऱ्याने ऐकून घेतलं, पण ते सेटिंग ग्राहकाला बदलता येत नाही आणि त्यालाही बदलता येत नाही, असं सांगितलं. माझ्या घरात, मी भाडं भरत असलेल्या डब्यातलं सेटिंग! संताप आला.

शनिवारी रात्री उपाय सापडला, तोही माझ्याच बाजूला. अडॅप्टरची फोन जोडायची बोलणी साध्या, उघड्या यूडीपी वाटेवरून टीएलएस या सुरक्षित वाटेवर नेली, पोर्ट ५०६१. आता निरोप कुलूपबंद जातो. राउटरला तो वाचताच येत नाही, मग बदलणार काय? आत्याबाईंचा आवाज पहिल्या हॅलोला आला. आप्पांनी त्यांना आधी तब्येत विचारली.

हिशोब: अडॅप्टर ४५ डॉलर, यूपीएस ६०, नंबर आणायचे १०. नंबर, ९११ आणि कॉल मिळून महिन्याला सरासरी साडेसहा, म्हणजे अकरा महिन्यांचे साडेएकाहत्तर. एकूण १८६ डॉलर ५० सेंट. जुन्या फोनचे याच काळात ४५१ झाले असते, तेही भारतातले कॉल सोडून. माझे रविवार यात धरलेले नाहीत. एक उणीव राहिलीच आहे: बऱ्याच बँकांचे पडताळणीचे मेसेज या नंबरवर येत नाहीत. तिथे मोबाइलच द्यावा लागतो.

डायल प्लॅन बदलणार असाल तर आधीची ओळ कुठेतरी लिहून ठेवा, ९११ आणि ९३३ चे साचे त्यात सर्वात आधी घाला, आणि बदल साठवला की पहिला फोन ९३३ ला लावा. तो लागला की मग डायरी उघडा.