स्पोर्ट्स कार स्टार्ट होत नाही तेव्हा: ओबीडी डोंगल अन् साधं मल्टिमीटर, वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या आधी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या पोर्टला लावला की इंजिनच्या कॉम्प्युटरची माहिती मोबाइलवर दाखवतो) घेतला होता, सोबत एक साधं डिजिटल मल्टिमीटर. दोन्ही आता उन्हाळा, पावसाळा अन् थंडी बघून झाले म्हणून सविस्तर लिहितोय. माझी गाडी दोन सीटर, पेट्रोल, मॅन्युअल, पुण्याहून सेकंडहँड आणलेली, आणि मुक्काम भुसावळला. आपल्याकडचे मिस्तरी हाताला पक्के आहेत पण असली गाडी त्यांच्याकडे वर्षातून एखादी येते, त्यामुळे निम्मं निदान मालकालाच करून द्यावं लागतं, आणि मला ते आवडतंही.

सगळ्यात आधी हे बघा की सेल्फ फिरतो का. सेल्फ फिरतच नाही, नुसतं कट कट करतो, हा एक आजार. सेल्फ मस्त जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा पूर्ण वेगळा. पहिल्यात डोंगल जवळपास काही कामाचा नाही, मीटर काढा. दुसऱ्यात डोंगलचे पैसे वसूल होतात.

मीटरचं सांगतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दमलेली. माझ्या गाडीत बॅटरी डिकीत आहे, केबल लांबच्या लांब पुढे येते, आणि पावसाळ्यात सेल्फ एकदम सुस्त झाला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं की नवीन बॅटरी टाक. मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनच्या धातूला लावला (मीटरच्या वायरी पुरल्या नाहीत म्हणून एक लांब वायर जोडली), आणि भावाला सेल्फ मारायला लावला. तिथे ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे, मला एक व्होल्टच्या वर दिसलं. म्हणजे अर्थिंग गेलेली. इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टी काढली, हिरवा गंज, पॉलिश पेपर मारून घट्ट केली अन् सेल्फ पहिल्यासारखा. नव्या बॅटरीचे पैसे वाचले, मीटर तर त्याच्यापुढे फुकटच.

आता मे महिन्याचं, कारण यासाठीच हा सगळा लेख लिहायला घेतला. धुळ्याहून परत येत होतो, ऊन तर तुम्हाला माहितीये आपल्याकडचं, एरंडोलला चहाला थांबलो आणि परत आलो तर गाडी घेईना. सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही. जवळचे एक मिस्तरी आले, "काय व्हयनं भो?" करून सीटच्या मागे कान लावला आणि म्हणाले सेल्फ मारताना पेट्रोलच्या पंपाचा आवाज नाही, पंप गेला. ऐकायला बरोबरच वाटतं. पण डोंगल लावून सेल्फ मारताना लाइव्ह डेटा बघितला तर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) शून्य. सेल्फने इंजिन डोळ्यासमोर फिरतंय आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते फिरताना दिसतच नाहीये. एरवी सेल्फवर १५० ते ३०० च्या मधला काहीतरी आकडा यायला पाहिजे. आणि बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) सिग्नल आल्याशिवाय ईसीयू पंप चालू ठेवत नाही, चावी ऑन केल्यावर दोन सेकंद चालवतो अन् बंद करतो. म्हणजे पंप मेलेला नव्हता, त्याला हुकूमच मिळत नव्हता. स्पार्क नाही, इंजेक्टर नाही, पंप नाही, तिन्हीचं मूळ एकच.

क्रँक सेन्सर गरम झाला की आतलं सर्किट तुटतं आणि थंड झाला की परत जुळतं, हा त्याचा नेहमीचा खेळ. आणि चालू गाडीपेक्षा गाडी बंद केल्यावर बोनेटखाली जास्त तापतं, कारण हवा बंद, पाण्याचं फिरणंही बंद. म्हणून तर रस्त्यावर पळताना काही नाही आणि चहा पिऊन आलं की नखरे. माझा सेन्सर पुढे पुलीजवळ आहे, चावी काढून त्याच्यावर ओलं फडकं ठेवलं, थोडा वेळ थांबलो, परत सेल्फ मारला, मोबाइलवर आरपीएम दिसला आणि त्याच क्षणी गाडी चालू. मिस्तरींनी स्वतः मोबाइल हातात घेऊन दोनदा बघितलं, त्यांनाही पटलं. सेन्सर मुंबईहून मागवून बदलला, त्यानंतर तो त्रास नाही. पंप बदलला असता तर टाकी उतरवा, पैसे घाला, आणि गाडी थंड झाल्यामुळे चालू पण झाली असती, म्हणजे पुढच्या दुपारपर्यंत सगळे खूश.

एक लक्षात घ्या, या सगळ्यात डोंगलवर बिघाडाचा कोड एकही आला नव्हता. पी०३३५ हा क्रँक सेन्सर सर्किटचा कोड, तो यायला पाहिजे होता, पण बऱ्याच ईसीयू नुसत्या सेल्फवर तो टाकतच नाहीत. आणि कोड आला तरी तो सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. त्यात वायर आली, कनेक्टर आला, सेन्सर पण आला. धुळ्याच्या मित्राच्या गाडीत पी०२३० आला, पंपाचं प्रायमरी सर्किट, तर पंप आणि रिले दोन्ही चांगले निघाले. घरात कापूस भरलेला, उंदीर झालेले, आणि त्यांनी वायर कुरतडलेली. ती टेस्ट लॅम्पने सापडली.

तीन पिनचा क्रँक सेन्सर बहुतेक वेळा हॉल टाइपचा (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असतो, त्याला ओहमवर मीटर लावू नका, काही कळत नाही. दोन पिनचा असेल तर ओहम बघता येतात पण तेही गरम असतानाच बघा, थंड असताना तो चांगलाच दाखवणार.

थंडीत सकाळी उशिरा स्टार्ट होत असेल तर चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखं पाहिजे. उणे ४० दिसलं तर सेन्सरचा कनेक्टर निघालाय किंवा वायर तुटलीय, कारण खानदेशात उणे ४० कधी होणार नाही.

डोंगलच्या तक्रारी पण आहेत. बॅटरी कमजोर असली की सेल्फ मारताच व्होल्टेज पडतं अन् कनेक्शन तुटतं, म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हाच स्क्रीन कोरी. अशा वेळी आधी बॅटरी चार्ज करा. तो जे व्होल्टेज दाखवतो ते पोर्टचं असतं, सेल्फपाशी किती पोचतंय ते नाही. इमोबिलायझरचे (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) कोड माझ्या डोंगलला वाचता येत नाहीत, त्यासाठी डॅशवरचा चावीचा दिवा बघा, चावी ऑन केल्यावर तो विझायच्या ऐवजी लुकलुकत राहिला तर आधी दुसरी चावी लावून बघा. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढूनच ठेवा, लावून ठेवला की हळूहळू बॅटरी खातो, आणि स्पोर्ट्स कार तशीही जास्त वेळ उभीच असते. कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, पुसला की फ्रीझ फ्रेमचा डेटा (कोड आला त्या क्षणाचे आकडे) पण जातो.

घ्यायचा का? गाडी जुनी असेल तर आधी पोर्ट बघा. अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं, त्याच्या आधीची गाडी असेल तर १६ पिनचा पोर्ट असूनही डोंगल बोलेलच असं नाही. म्हणून शक्यतो दुकानातून घ्या, गाडी दुकानापाशी न्या, ॲपमध्ये आरपीएम उघडा आणि सेल्फ मारताना आकडा हलतो का बघा, हलला तरच पैसे द्या. आणि बजेट एकाचंच असेल तर मीटर आधी, डोंगल नंतर.