सेट लंचचे आठ महिने: काळी डाळ, बिर्याणीची वाफ आणि बिलाचा शेपटा

लोअर परळला ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर, जुन्या गिरणीच्या आवारात एक महागडं भारतीय रेस्तराँ आहे. नाव घेत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत. पहिल्यांदा गेलो तो क्लायंटला घेऊन, कंपनीच्या खर्चाने. नंतर स्वतःच्या खिशातून महिन्यातून दोनदा जायची सवय लागली. आठ महिन्यांत सोळा जेवणं झाली, त्यातली दोन रात्रीची.

ती दोन वाया गेली. रात्री अ ला कार्ट, म्हणजे मेनूतून एकेक पदार्थ मागवून, जेवलात तर दोघांचे सहज सात हजार होतात. दुपारी सोमवार ते शुक्रवार सेट लंच १,४५० रुपयांत: एक स्टार्टर, एक मेन, डाळ, रोटी किंवा भात, शेवटी गोड. स्वयंपाकघर तेच, खुर्च्या त्याच, फक्त दिवे मंद केलेले नसतात. माझ्या मते हा फायदाच, निदान ताटात काय आलंय ते दिसतं.

खरं कारण मात्र काळी डाळ. दिल्लीच्या ‘बुखारा’ रेस्तराँने नावारूपाला आणलेली, त्याच घराण्यातली. अख्खे उडीद रात्रभर तंदूरच्या उरलेल्या निखाऱ्यांवर मंद शिजत राहतात, सकाळी त्यात टोमॅटो, लोणी, साय पडते. म्हणजे ती जुळून येते ती जेमतेम दुपारच्या जेवणाला. साडेबाराला वाटीत येते तेव्हा दाणा अख्खा दिसतो, पण जिभेने दाबला की विरघळतो. रात्री तीच डाळ खाल्ली तर घट्ट झालेली आणि पाणी घालून पुन्हा सैल केल्यासारखी लागली. दोन्ही वेळा. कॅप्टनला (वेटर मंडळींच्या प्रमुखाला) विचारलं तर तो नुसता हसला.

रोटीचं उलटं. बाराच्या ठोक्याला गेलात तर तंदूर पुरता तापलेला नसतो, पहिल्या रोट्या पांढऱ्या आणि चिवट येतात. मी आता टेबल दुपारी एक वाजताचं घेतो, डाळ आधी मागवतो आणि रोटीला मुद्दाम उशिरा सांगतो.

दम बिर्याणी छोट्या हंडीत, कणकेने तोंड बंद करून येते आणि टेबलावर झाकण फोडतात. पहिल्या तिन्ही वेळा भसकन वाफ आली, केवड्याचा वास आला. चौथ्या खेपेला कणीक खडखडीत, झाकण निघालं आणि आत शांतता! भात चांगला होता, पण तो दम आधीच कधीतरी सुटला होता आणि आपल्यासमोर फक्त प्रयोग झाला. त्यानंतर सेटमधून बिर्याणी घेत नाही. गलौटी कबाब घ्या. कच्च्या पपईने मऊ केलेला खिमा, दात नसलेल्या माणसालाही चालेल असा. इथे एकदाही फसला नाही.

मेनूवर अवध आहे, पंजाब आहे, चेट्टिनाड आहे. महाराष्ट्र? ‘व्हेज कोल्हापुरी’. लाल तिखट आणि वर काजू. तांबडा-पांढरा रस्सा करायची हिंमत मुंबईच्या मधोमध बसूनही होत नाही, याचं वाईट वाटतं. पावसाळ्यात ‘कोस्टल’ म्हणून सोलकढी आली होती, औषधाच्या पेल्याएवढ्या काचेच्या ग्लासात. त्या दिवशी सांगलीहून आलेले आई-बाबा सोबत होते. आईने एका घोटात संपवली आणि कॅप्टनला म्हणाली, ‘‘चव कळली बाळा, छान आहे. आता आण की.’’ त्याने खरंच मोठा ग्लास भरून आणला आणि बिलात लावला नाही. बाबा मात्र पाणी ‘मिनरल’ आहे का ‘साधं’, या प्रश्नावर अजून चिडलेले आहेत. फिल्टरचं पाणी मागा, निमूटपणे देतात.

आता बिल. १,४५० वर १० टक्के सेवा शुल्क म्हणजे १,५९५, आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,६७४ रुपये ७५ पैसे. (खोलीचं भाडं ७,५०० च्या वर असलेल्या हॉटेलात गेलात तर जीएसटी १८ टक्के, हे आधीच धरून चाला.) सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. इथे ते दर वेळी छापूनच येतं. काढा म्हटलं की काढतात, पण प्रत्येक वेळी मलाच म्हणावं लागतं, आणि पाहुणा समोर असला की जीभ रेटत नाही. तेवढे पैसे मी आमच्या टेबलाच्या वेटरच्या हातात रोख देतो, ते मला बरं वाटतं.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी: फोनवर ‘एकच माणूस’ म्हटलं की स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल मिळतं. दर मिनिटाला पाठीला वारा लागतो. पाचव्या महिन्यापासून मी दोघांचं सांगतो आणि दुसरा ‘येईलच’ म्हणून खिडकीशी बसतो. कॅप्टनला आता हे ठाऊक झालंय. परवा त्याने समोरची जादा प्लेट न विचारताच उचलली आणि त्या जागी डाळीची दुसरी वाटी ठेवली.