एनएफ-२ आणि कॉक्लिअर इम्प्लांट : आठ-नऊ महिने वापरल्यावर

कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राबद्दल, मराठीत मला जे वाचायला मिळालं, ते बहुतेक लहान मुलांच्या आईवडिलांनी लिहिलेलं होतं. माझं प्रकरण वेगळं आहे. मला एनएफ-२ आहे, म्हणजे दोन्ही कानांच्या नसांवर गाठी. कॅन्सरच्या नाहीत, पण ऐकणं आणि तोल दोन्ही खातात. बाविसाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलेलं असतं. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत उतरायची शक्यता निम्मी. मला बाबांकडून आलं. त्यांचे दोन्ही कान गेल्यावर आम्ही त्यांच्याशी पाटी-पेन्सिलीनेच बोलायचो.

कॉक्लिअर इम्प्लांटची सगळी भिस्त कानाच्या नसेवर. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात घातलेली तार नसेला विजेचे बारीक झटके देते, पुढे मेंदूपर्यंत नेणं नसेचं काम. माझ्या डाव्या बाजूची गाठ काढताना नसही गेली, त्यामुळे तिकडे हे बसवून फायदा नाही. तिथे फक्त ब्रेनस्टेम इम्प्लांट चालतं, जे थेट मेंदूच्या देठावर बसवतात. १९७९ साली लॉस एंजेलिसमध्ये पहिलं बसवलं तेही एनएफ-२ च्याच रुग्णाला. उजवी गाठ लहान, वाढतही नव्हती, पण ऐकू येणं संपलं होतं. म्हणून गाठ तशीच ठेवून त्या कानात कॉक्लिअर केलं.

स्विच ऑनला, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करतात तेव्हा, लोक रडतात म्हणे. मला नुसत्या शिट्ट्या आणि टिकटिक ऐकू आली. खरं काम मॅपिंगचं, म्हणजे यंत्र आपल्या कानाला जुळवून घेण्याचं. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) तारेवरच्या एकेका इलेक्ट्रोडवर, म्हणजे झटका देणाऱ्या ठिपक्यावर, आवाज वाढवत नेतात, आपण 'पुरे' म्हणायचं. एका इलेक्ट्रोडला माझा गालच उडायला लागला, कारण चेहऱ्याची नस शेजारीच आहे. तो बंद करून टाकला. घरी रोज सकाळी नवरा तोंडासमोर पेपर धरून आ, ई, ऊ, म, श, स म्हणतो आणि मी ओळखते. 'स' अजूनही निसटतो.

आज शांत खोलीत, चेहरा दिसत असेल तर बहुतेक बोलणं कळतं. चेहरा झाकला तर निम्मंच. फोनवर घरच्यांशी जमतं, कुरिअरवाल्याला 'मेसेज करा' म्हणते. भजनात ठेका लागतो, चाल लागत नाही. लग्नाचा हॉल विसराच. जन्मापासून चांगली नस असलेल्यांशी तुलना करून मी उगीच खट्टू व्हायचे, ते सोडलं. गाठ वाढली तर आहे तेही कमी होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

ऑपरेशनआधी एक गोष्ट खोदून खोदून विचारा : एमआरआय. गाठींवर लक्ष ठेवायला आपल्याला, एनएफ-२ वाल्यांना, तो आयुष्यभर करावा लागतो आणि यंत्रात चुंबक असतो. नव्या मॉडेलांत चुंबक न काढता एमआरआय होतो, हे खरं. पण फोटोत त्याच्याभोवती मोठा काळा डाग येतो आणि नेमकी त्याच बाजूची गाठ झाकली जाऊ शकते. माझा चुंबक त्यासाठी नेहमीपेक्षा जरा मागे बसवलाय. सेल्समन बॅटरी आणि ब्लूटूथबद्दल अर्धा तास बोलला. हे त्याने काढलंसुद्धा नाही.

बाकी बारीकसारीक कटकटी. स्कूटरवर मागे बसताना हेल्मेट घातलं की कॉइल, म्हणजे डोक्याला बाहेरून चुंबकाने चिकटणारी चकती, सुटते, म्हणजे प्रवासभर बहिरीच. भांडी लावायला वाकले की ती स्टीलच्या मांडणीला जाऊन चिकटते. पावसाळ्यात प्रोसेसर (यंत्राचा बाहेरून लावायचा, आवाज टिपणारा भाग) रोज रात्री ड्रायरच्या डब्यात ठेवायचा. लाइट गेले की ओठ दिसत नाहीत आणि तोलही जातो, म्हणून उशाशी टॉर्च हवाच.

खर्च खिशातून झाला, लाखांत. तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर हेच करीन, कारण स्वयंपाकघरातून मुलीची हाक कळते. तिची जनुक तपासणी दिवाळीनंतर करायची ठरलीय. आणि हो, कॉइलची जास्तीची वायर आधीच घेऊन ठेवा. माझी तुटली तेव्हा नवी येईपर्यंत घरात सगळे पुन्हा पाटी शोधत होते.