स्वयंसेवकांसाठीचं कम्युनिटी मीडिया ट्रेनिंग: नक्की करा, पण कायद्याचा भाग वाढवायला हवा

कम्युनिटी रेडिओ आणि लोकल बातमीदारीचं स्वयंसेवकांसाठीचं ट्रेनिंग नुकतंच केलं, कोणी विचार करत असेल तर बिनधास्त नाव नोंदवा. आधीचा अनुभव लागत नाही, माइक रेकॉर्डर तेच देतात आणि एडिटिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर शिकवतात, ते फुकट आहे त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर प्रॅक्टिस चालू राहते.

आवाजाचा भाग तर खूपच भारी. हेडफोन लावून ऐकलं की कळतं, आपल्याला जाणवतही नाही असं किती काय माइक पकडतो, फ्रीजची घरघर, पंखा, कॉलर माइकला घासणारी ओढणी. मुलाखत संपली की लगेच उठायचं नाही, सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीतली अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करायची, मग एडिटमधे कटच्या जागी ती टाकली की जोड कळत नाही. आणि रेकॉर्ड करताना आवाजाची सगळ्यात वरची पातळी, म्हणजे पीक, मायनस १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची, कारण हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, जास्त मोठा होऊन फाटलेला गेला तो गेलाच.

पण खरं शिक्षण बातमी तपासताना होतं. ट्रेनर मॅडम एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारतात, 'हे तुला कसं माहीत?' एकाने लिहिलं होतं, पाणी येत नाही म्हणून रहिवासी संतापले. किती रहिवासी? तू स्वतः कोणाशी बोललास? पाणी खात्याला फोन केलास का? ग्रुपवर आलं होतं हे उत्तर चालतच नाही, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू विचारल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही. लोकल बातमीत हे जास्तच गरजेचं, कारण ज्याच्याबद्दल लिहिलं तो दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटतो. नात्यातल्या, शेजारातल्या माणसाची बातमी असेल तर आधीच सांगून ती दुसऱ्याकडे द्यायची, हा नियम मला फार पटला.

खटकलं ते एवढंच की बदनामीचा कायदा, लहान मुलांची ओळख लपवणं, पालकांची परवानगी हे सगळं शेवटी घाईघाईत उरकलं. हौशी माणूस नेमका इथेच अडकतो आणि त्याच्या पाठीशी मोठ्या पेपरसारखा वकील नसतो, त्यामुळे याला एक पूर्ण सेशन द्यायलाच हवं.

नाव नोंदवताना एक मात्र विचारून घ्या, शेवटी तुमची स्टोरी खरंच ऑन एअर जाते का. आमची गेली, आणि ती प्रसारित होणार हे माहीत असल्यामुळे सगळ्यांनी नावं, पदं, तारखा परत परत तपासल्या.