कॅपॅसिटर पॅनेल, अ‍ॅक्टिव्ह फिल्टर, एसव्हीजी की डीव्हीआर? पैसे घालण्याआधी वाचा

इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये पॅनेलचे दार उघडले, तर सहापैकी चार कॅपॅसिटरच्या डब्यांची डोकी फुगून वर आली होती. एकाच्या बुडाशी तेल पाझरून काळा डाग पडला होता. वर्षात दोनदा कॅपॅसिटर बदलून झाले होते. मालकांच्या हातात अ‍ॅक्टिव्ह फिल्टरचे कोटेशन होते आणि त्यांचा प्रश्न सरळ होता: "एवढे पैसे घालू का?"

त्या दिवशी माझे उत्तर "आत्ता नको" असे होते. दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये मी "आजच घ्या" म्हटले असते. शीर्षकातली चारही यंत्रे "पॉवर क्वालिटी सुधारतो" याच नावाखाली विकली जातात, पण प्रत्येकाचे दुखणे वेगळे आहे. चुकीचे यंत्र बसवले तर पैसे जातातच, कधी दुखणेही वाढते.

आधी दुखणे ओळखा

तुमची तक्रार बहुधा या तिघांपैकी एक असते. पहिली, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरे काम करणारा वाटा) कमी आणि बिल जास्त. दुसरी, कॅपॅसिटर फुगतात, न्यूट्रल तापते, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, ड्राइव्हची (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राची) कार्डे जळतात. तिसरी, लाइन जात नाही, नुसता डिप येतो (व्होल्टेज क्षणभर पडते) आणि सगळे माग बंद पडतात. पहिली रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरची (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज), दुसरी हार्मोनिक्सची (५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरींची भेसळ), तिसरी व्होल्टेजची. एकाच शेडमध्ये तिन्ही असू शकतात, पण इलाज तिघांचा वेगळा.

पहिल्या तक्रारीचे पैसे मोजून दाखवता येतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग, म्हणजे काम न करणाऱ्या करंटसकट एकूण विजेवर आकारणी, लागू झाले. महिन्याला खरी वीज १ लाख युनिट लागते असे धरू. पॉवर फॅक्टर ०.८० असेल तर बिलात १,२५,००० युनिट धरले जातात, ०.९९ असेल तर सुमारे १,०१,०००. म्हणजे २४ हजार युनिटांचे पैसे काम न करणाऱ्या करंटपायी जातात. २०० किलोवॉटच्या लोडला ०.८० वरून ०.९९ वर न्यायला सुमारे १२२ केव्हीएआर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचे माप) लागतात. हे काम साध्या कॅपॅसिटरने सर्वांत स्वस्तात होते. लोड नुसत्या मोटारींचा असेल, साधे यंत्रमाग असतील, तर यापुढे वाचण्याची गरज नाही. चांगल्या प्रतीचे एपीएफसी पॅनेल (गरजेप्रमाणे कॅपॅसिटरच्या पायऱ्या आपोआप लावणारे-काढणारे) घ्या आणि निश्चिंत व्हा.

कॅपॅसिटर फुगतात का?

त्या शेडमध्ये साध्या मागांच्या जोडीला ड्राइव्ह असलेले रॅपियर माग आले होते, कंप्रेसरही व्हीएफडीवर, म्हणजे ड्राइव्हवरच, गेला होता. पॅनेल मात्र जुनेच. सहा डायोडचा रेक्टिफायर असलेला कोणताही ड्राइव्ह लाइनमधून सरळ साइन करंट ओढत नाही. त्यात पाचवे, सातवे, अकरावे, तेरावे हार्मोनिक मिसळलेले असते, म्हणजे २५०, ३५०, ५५०, ६५० हर्ट्झ.

आता ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांची गाठ पडते. ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, इंपीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता १०,००० केव्हीए. पॅनेल २०० केव्हीएआरचे. १०,००० ला २०० ने भागा आणि वर्गमूळ काढा: ७.०७. सगळ्या पायऱ्या लागल्या की ही जोडी नेमकी सातव्या हार्मोनिकला सूर लावते. यालाच रेझोनन्स म्हणतात. ड्राइव्हमधून थोडाच सातवा हार्मोनिक येत असला तरी ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर तो आपसात झुलवून कितीतरी पट करतात. आणि पॅनेल ऑटोमॅटिक असल्याने हा सूर फिरता असतो. ८० केव्हीएआर लागले असतील तर तोच हिशेब ११.२ वर, अकराव्याजवळ येतो. म्हणून दुपारी सगळे ठीक दिसते आणि संध्याकाळी पॅनेल घुमू लागते. आयईसी ६०८३१ या मानकाप्रमाणे कॅपॅसिटरने १.३ पट करंट कायम सोसायचा असतो. रेझोनन्समध्ये ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

इथे डिट्यून्ड रिअ‍ॅक्टर आणि अ‍ॅक्टिव्ह फिल्टर हे दोन पर्याय समोरासमोर येतात.

प्रत्येक पायरीला ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर (तारेचे वेटोळे) जोडला की त्या शाखेचा सूर १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या खाली जातो आणि पाचव्या-सातव्याशी रेझोनन्स होत नाही. शेडमध्ये एलईडी, संगणक, एकफेजी यंत्रे भरपूर असतील तर तिसरा हार्मोनिकही मोठा असतो. तिथे १४ टक्के, म्हणजे १३४ हर्ट्झ घ्यावे लागते. एक चूक मी वारंवार पाहतो: जुने ४४० व्होल्टचे कॅपॅसिटर तसेच ठेवून पुढे रिअ‍ॅक्टर बसवतात. ७ टक्के रिअ‍ॅक्टरमुळे ४१५ व्होल्टच्या लाइनवर कॅपॅसिटरच्या टोकांना ४४६ व्होल्ट येतात. तिथे ४८० किंवा ५२५ व्होल्टचेच कॅपॅसिटर हवेत. कोटेशनमध्ये हा आकडा लिहिलेला नसेल तर ते कोटेशन परत करा.

पण डिट्यून्ड पॅनेल हार्मोनिक्स काढत नाही, ते फक्त वाढू देत नाही. ड्राइव्हने केलेली घाण बसमध्ये राहतेच. ती बाहेर काढायची असेल तर अ‍ॅक्टिव्ह फिल्टर.

अ‍ॅक्टिव्ह फिल्टर काय करतो?

हा आयजीबीटीचा (वेगाने चालू-बंद होणाऱ्या सेमीकंडक्टर स्विचचा) इन्व्हर्टर असतो, लोडला समांतर जोडलेला. सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) करंटचा आकार वाचतात, कंट्रोलर त्यातले हार्मोनिक वेगळे काढतो आणि यंत्र बरोबर उलटा करंट बसमध्ये सोडते. लोडची घाण आणि फिल्टरचा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. वर ट्रान्सफॉर्मरकडे जवळजवळ स्वच्छ साइन दिसते. क्षणाक्षणाला हा हिशेब कसा करायचा, याची रीत हिरोफुमी अकागी आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली जपानमध्ये मांडली. आजच्या बऱ्याच फिल्टरच्या पोटात तिचेच कुठलेतरी रूप चालते.

लोड बदलला, ड्राइव्ह वाढले, तरी त्याला रेझोनन्सची भीती नाही, आणि क्षमता संपली की तो आपल्या मर्यादेवर थांबतो. पॅसिव्ह ट्यून्ड फिल्टरचे तसे नसते. तो स्वस्त पडतो, पण एका ठरावीक हार्मोनिकसाठी बांधलेला असतो, फीडरवरच्या शेजाऱ्याचे हार्मोनिकही आपल्याकडे ओढतो आणि हलक्या लोडला पॉवर फॅक्टर लीडमध्ये, म्हणजे उलट्या बाजूला, ढकलतो. लोड वर्षानुवर्षे एकसारखा, मोठा आणि ठाऊक असलेला असेल तिथेच मी तो सुचवतो.

मग त्या मालकांना अ‍ॅक्टिव्ह फिल्टर नको का म्हटले? कारण त्यांच्या ड्राइव्हना पुढे लाइन चोकच नव्हता. चोक नसलेल्या सहा-पल्स ड्राइव्हच्या करंटची विकृती (मूळ करंटच्या मानाने हार्मोनिक किती) ७० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. ३ टक्क्यांचा साधा चोक लावला की ती ४० टक्क्यांच्या आसपास येते. तांब्या-लोखंडाचे ते वेटोळे, त्यात बिघडण्यासारखे काही नाही. आधी चोक, मग डिट्यून्ड पॅनेल, मग पुन्हा मोजणी. त्यानंतरही आकडे वर राहिले तर फिल्टर घ्यायचा, आणि मग तो छोटा पुरतो. मूळ करंट ३०० अँपिअर आणि विकृती ४० टक्के असेल तर हार्मोनिक करंट १२० अँपिअर; चोक नसताना ७० टक्के धरले तर २१०. फिल्टर अँपिअरवर विकला जातो. हा फरक थेट किमतीत दिसतो.

"फिल्टर लावला की लाइट बिल कमी येईल," असे विकणारा सांगतो, ते जपून ऐका. विकृतीमुळे खरा पॉवर फॅक्टर घसरतो हे खरे आहे. विकृती ४० टक्के असेल तर बाकी सगळे आदर्श असूनही तो ०.९३ च्या वर जात नाही. पण मीटर ती विकृती केव्हीएएचमध्ये धरतो की फक्त ५० हर्ट्झचा रिअ‍ॅक्टिव्ह मोजतो, हे मीटरच्या गणितावर ठरते. फिल्टरचा खरा परतावा बिलात कमी आणि न जळलेल्या कार्डांत, न तापलेल्या केबलमध्ये, न थांबलेल्या उत्पादनात जास्त असतो. तिथे हिशेब जमत असेल तरच घ्या. फीडरला जोडणीच्या ठिकाणी आयईईई ५१९ या मानकाची मर्यादा पाळायची असेल तर प्रश्न वेगळा. ११ केव्हीवर व्होल्टेजची एकूण विकृती ५ टक्क्यांच्या आत हवी, आणि करंटची मर्यादा तुमच्या लोडच्या मानाने फीडर किती ताकदवान आहे त्यावर ५ ते २० टक्के. जालन्यासारख्या ठिकाणी, जिथे इंडक्शन फर्नेस रांगेने उभ्या आहेत, हा आकडा चैनीचा राहत नाही.

एसव्हीजी कुठे पैसे वसूल करतो?

एसव्हीजी (स्टॅटिक व्हार जनरेटर) म्हणजे छोटा स्टॅटकॉम. यंत्र जवळजवळ अ‍ॅक्टिव्ह फिल्टरचेच, काम रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचे. पायऱ्या नाहीत, हवे तेवढे लॅग किंवा लीड, तेही काही मिलिसेकंदांत. कॉन्टॅक्टरच्या पॅनेलला काढलेली पायरी पुन्हा लावायची तर कॅपॅसिटर उतरण्याची वाट पाहावी लागते. स्पॉट वेल्डिंग, प्रेस, क्रेन असा क्षणात चढणारा-उतरणारा लोड असेल तर कॉन्टॅक्टर त्याच्या मागे धावूच शकत नाही. थायरिस्टरवर लागणाऱ्या कॅपॅसिटरचे पॅनेल एका सायकलमध्ये, म्हणजे २० मिलिसेकंदांत लागते. मधला चांगला पर्याय आहे तो, पण पायऱ्या राहतातच.

आणखी एक फरक लांब फीडरच्या शेवटी असलेल्यांनी लक्षात घ्यावा. व्होल्टेज १० टक्के पडले की कॅपॅसिटरचे केव्हीएआर ८१ टक्क्यांवर येतात, एसव्हीजीचे ९० टक्क्यांवर. नेमकी गरज असते तेव्हा कॅपॅसिटर हात आखडता घेतो.

एकच यंत्र दोन्ही कामे करते असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण क्षमता एकच असते. १०० अँपिअरच्या यंत्राने ६० अँपिअर हार्मोनिकसाठी वापरले तर रिअ‍ॅक्टिव्हसाठी ८० उरतात, आणि ४१५ व्होल्टला १०० केव्हीएआर म्हणजे १३९ अँपिअर. म्हणून सगळा भार एसव्हीजीवर टाकणे महाग पडते. मिश्र लोडला माझी पसंती अशी: कायम लागणारा भाग डिट्यून्ड कॅपॅसिटरवर, वरखाली होणारा भाग छोट्या एसव्हीजीवर.

छतावर सोलर बसवलेल्यांना इथे वेगळे सांगायचे आहे. "सोलर लावला आणि पॉवर फॅक्टर पडला" ही तक्रार आता रोजची आहे. २०० किलोवॉटला ०.९९ वर असताना सुमारे २८ केव्हीएआर उरलेले असतात. दुपारी सोलरने १५० किलोवॉट दिले की लाइनमधून फक्त ५० किलोवॉट येतात, पण ते २८ केव्हीएआर तसेच. पॉवर फॅक्टर ०.८७! यंत्र बिघडलेले नाही, हिशेब बदलला. एसव्हीजीचे कोटेशन मागवण्याआधी दोन गोष्टी पाहा: पॅनेलचा सीटी सोलरच्या जोडणीच्या कुठल्या बाजूला आहे, आणि सोलर इन्व्हर्टरमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरची सेटिंग आहे का. तोही पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचेच यंत्र आहे. बऱ्याच इन्व्हर्टरमधून हे काम फुकटात करून घेता येते.

डिप येतो त्याचे काय?

शेजारच्या फीडरवर फॉल्ट झाला की तुमच्याकडे व्होल्टेज ६०-७० टक्क्यांवर येते आणि पाच-दहा सायकलमध्ये परत वर जाते. दिवे फक्त लुकलुकतात, पण कॉन्टॅक्टर सुटतात, ड्राइव्ह ट्रिप होतात, माग उभे राहतात आणि पुन्हा सुरू करताना कापडावर पट्टी पडते. वरच्या तीनपैकी एकही यंत्र यावर इलाज नाही.

डीव्हीआर लाइनमध्ये एकसर जोडतात आणि जेवढे व्होल्टेज कमी पडले तेवढेच तो वरून भरतो. वितरणाच्या पातळीवर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स वापरून ग्राहकाला हव्या त्या दर्जाची वीज द्यायची, या कल्पनेला 'कस्टम पॉवर' हे नाव दिले ते बडोद्यात शिकून अमेरिकेत गेलेल्या नरैन हिंगोराणी यांनी. १९९६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या अँडरसनला वितरण जाळ्यातला पहिला डीव्हीआर बसला, २ एमव्हीएचा, आणि तो होता गालिचे विणणाऱ्या कारखान्यासाठी. विणकामाला डिप किती महाग पडतो, ते तिथल्या लोकांनी तेव्हाच ओळखले होते.

तरी डीव्हीआर सर्वांत शेवटी. आधी कंट्रोल सर्किटला छोटा यूपीएस द्या, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटणार नाहीत. ड्राइव्हमध्ये डिप सोसण्याची आणि आपोआप पुन्हा सुरू होण्याची सेटिंग असते, ती बहुधा बंदच ठेवलेली असते. उत्पादकाच्या माणसाला बोलावून, सुरक्षिततेचा विचार करून ती चालू करून घ्या. एवढ्यावर बरेचसे थांबे टळतात. उरलेले थांबे मोजा आणि एका थांब्याचे कापड, सूत, पाळीचा वेळ धरून रक्कम काढा. ती मोठी असेल तरच डीव्हीआर. आणि लाइन पूर्ण जाते ही तक्रार असेल तर डीव्हीआर नव्हे, यूपीएस किंवा जनरेटर.

ऑर्डर देण्याआधी

आठवडाभर मेन इनकमरला पॉवर अ‍ॅनालायझर लावा. त्यात काही तास सगळे कॅपॅसिटर बंद ठेवून मोजा. बंद असताना विकृती कमी आणि चालू असताना जास्त दिसली, तर दोष रेझोनन्सचा आहे. त्या शेडमध्ये हेच दिसले होते. मोजणी यंत्र विकणाऱ्याकडून करून घेतली तरी हरकत नाही, पण कच्चा डेटा मागून घ्या.

ऑर्डरमध्ये लिहा की बसवल्यानंतर पूर्ण लोडवर मोजणी होईल आणि आकडे ठरल्याप्रमाणे आले तरच शेवटचा हप्ता. आणि पॅनेलची जागा आधी ठरवा. आयजीबीटीची यंत्रे पंख्याने थंड होतात. माग खात्यात ठेवलीत तर हवेत उडणारे सुताचे तंतू दोन आठवड्यांत जाळी बुजवतात आणि यंत्र तापून आपली क्षमता कमी करते. वेगळी खोली, खिडकीला जाळी, आणि दर सोमवारी ती झाडण्याचे काम वायरमनच्या वहीत नावानिशी.