मिरजेतलं युरॉलॉजी क्लिनिक: डॉक्टर एक नंबर, फॉर्म मात्र कच्चा

आमच्या आण्णांच्या लघवीच्या तक्रारीसाठी मिरजेतल्या एका क्लिनिकला दाखवतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण डॉक्टर खरंच चांगलेत, माझी तक्रार आहे ती तिथल्या कागदाबद्दल. साडेतीन स्टार.

केसपेपर काढला की रिसेप्शनवाली एक मराठी फॉर्म हातात देते. हा आयपीएसएस, म्हणजे प्रोस्टेटमुळं लघवीचा त्रास किती आहे त्याचे मार्क काढायचा फॉर्म. १९९२ मधे अमेरिकेतल्या युरॉलॉजीवाल्यांनी जे प्रश्न काढले त्यावरच बेतलेला आणि आता जगभर चालतो. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, एकूण ३५. सातपर्यंत त्रास किरकोळ, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढं जास्त. गोळी चालू करायची का थोडं थांबून बघायचं हे ठरवताना डॉक्टर हा आकडा बघतात, त्यामुळं तो चुकला तर पुढचंही चुकणार की.

आणि तो चुकतोच. पहिलाच प्रश्न 'मूत्रविसर्जनानंतर मूत्राशय पूर्णपणे रिकामे न झाल्याची संवेदना', आण्णा म्हणाले हे काय कुणाचं भाषण हाय का. अरे, 'लघवी करून आल्यावर अजून राहिल्यासारखं वाटतं का' एवढं विचारा ना सरळ! पण ते एक वेळ समजावून सांगता येतं, खरी गोची उत्तरांच्या चौकटीत आहे. 'पाच वेळांपैकी एका वेळेपेक्षा कमी', 'निम्म्यापेक्षा कमी वेळा', 'सुमारे निम्म्या वेळा' असं सगळं. आण्णा उसाच्या टनेजचा हिशोब तोंडी करतात, पण लघवी पाचापाचात कोण मोजतं हो? बोट फिरवत फिरवत त्यांनी सगळीकडं मधल्याच चौकटीत टिक केली, शेजारच्या काकांचा कागद बघितला तर तिथंबी तेच. रात्री किती वेळा उठता याला लिहिलं एकदा, आणि आई म्हणते चारदा तर दिवा मीच लावून देते.

शेवटी आठवा प्रश्न असतो, जन्मभर हे असंच राहिलं तर कसं वाटेल. त्यावर आपली वडीलधारी माणसं काय म्हणणार, 'चालायचंच, वय झालं.' झालं, कागदावर माणूस समाधानी!

माझी मेव्हणी रियाधला नर्स आहे, तिला फोटो पाठवला तर म्हणाली हे नुसतं भाषांतर झालंय, तपासलेलं दिसत नाही. लघवीची एकदम घाई होते त्या त्रासासाठी २००६ सालचा जपानचा एक चारच प्रश्नांचा फॉर्म आहे, ओएबीएसएस, तो अरबीत आणतानाचं उदाहरण तिनं दिलं. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मग ज्यानं मूळ फॉर्म बघितलेलाच नाही अशा माणसाकडून परत मूळ भाषेत उलटं करून घ्यायचं आणि मूळाशी ताडायचं. त्यानंतर पेशंटला बसवून 'तुम्हाला यातनं काय समजलं' हे त्याच्याच तोंडून ऐकायचं, आणि औषध बदललेलं नसताना थोड्या दिवसांनी तोच फॉर्म परत भरून आकडा जागेवर राहतो का बघायचं. अरबीची भानगड अशी की लिहायची भाषा एक आणि इजिप्त, आखात, मोरोक्को इथं घरात बोलतात ती निरनिराळी, शिवाय उजवीकडून लिहितात म्हणून ० ते ५ च्या चौकटीपण उलट्या लागतात. आणि लघवीचा थेंब जरी गेला तरी नमाजाआधीचा वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होणं, मोडतो, त्यामुळं गळतीचा प्रश्न तिथं नुसत्या कपड्यांचा राहत नाही.

गळतीवरनं आठवलं, आयपीएसएसमधे गळतीचा प्रश्नच नाही! आणि आण्णांनी तर त्याच भीतीनं एसटीनं जाणं सोडलंय. ते काढून घेतलं डॉक्टरांनी, दार लावून, घाई न करता, स्वतः विचारून. तीन दिवसांची डायरी दिली, कधी गेला, किती झाली, किती पाणी प्याला, मापाचा डबापण दिला. त्यातनं जे कळलं ते फॉर्ममधनं कधीच कळलं नसतं. म्हणून तर साडेतीन, नाहीतर दोनच दिले असते.

अथणी-चिकोडीकडची कन्नड माणसं इथं लई येतात, त्यांना कंपाउंडर तोंडी विचारतो, तेपण सगळ्या बाकांसमोर, मोठ्यानं. कोण खरं सांगेल? दक्षिण आफ्रिकेत २०११ च्या सुमाराला चित्रांचा फॉर्म काढलाय, धार जाड का बारीक ते चित्रावर बोट ठेवून सांगायचं, तसला काहीतरी ठेवला तर भाषेची निम्मी कटकट जाईल.

जाणार असाल तर घरच्या बाईमाणसाला सोबत न्या, रात्रीचा खरा आकडा तिलाच माहीत असतो. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन बसवतात, नंबर लवकर लागत नाही आणि युरॉलॉजीच्या दवाखान्यात पेशंटसाठी संडास एकच, त्याचीपण कडी लागत नाही.