इकोचे मागचे ब्रेक शू: कंपनीचा सेट, घरीच बसवलेला

माझी मारुतीची इको कार्गो, म्हणजे मालवाहू व्हॅन, आहे. देवरुखहून आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचं आणि भाजी भरून तोच घाट उतरायचा, हे तिचं रोजचं काम. ज्याची गाडी भरून घाट उतरते, त्याने मागच्या ब्रेकमध्ये पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. पुढे डिस्क ब्रेक असले तरी भरलेल्या गाडीत मालाचं बरंच वजन मागच्या चाकांवर येतं.

मागच्या चाकांच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्यात, आतून दाबून गाडी थांबवणाऱ्या गोलसर पट्ट्या म्हणजे शू. आधीचे शू स्थानिक बनावटीचे, एका गॅरेजवाल्याने टाकलेले. घाट उतरून खाली साखरप्याला पोचेपर्यंत मागून जळका वास यायचा. ड्रम उघडला तर लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, जाडीला अजून बरे होते, पण वर काचेसारखी चकाकी आलेली. असं झालं की लायनर कितीही शिल्लक असो, पकड गेलेली असते. म्हणून या वेळी मारुती जेन्युइन पार्ट्सचा सेट आणला. महाग आहे, पण दोन्ही चाकांचे चारही शू एकसारखे निघाले, कडा साफ, कुठेही कानस मारावी लागली नाही. आधीचे शू बसवताना गॅरेजवाला घासत बसला होता, ते मी उभं राहून पाहिलंय.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. माझ्या डब्यात शू मागे ओढून घेणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या. जुन्या तापून निळसर पडल्या असतील किंवा ढिल्या झाल्या असतील, तर नव्या वेगळ्या मागून घ्या. शू चांगला आणि स्प्रिंग मेलेली असेल, तर शू ड्रमला घासत राहतो आणि वास पुन्हा सुरू. हँडब्रेकचा लिव्हरही जुन्या शूवरून काढून नव्यावर चढवावा लागला. त्याची छोटी क्लिप जपून ठेवा.

घरी करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे ध्यानात घ्यावं: इको मागच्या चाकांवर चालते. हँडब्रेक मागच्या चाकांवर, गिअरही मागच्याच चाकांवर. मागची बाजू उचलली की गाडीला धरणारं काहीच उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि अ‍ॅक्सलखाली लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीला हात घालू नका. जागा सपाट आणि टणक हवी. आमच्या अंगणातला लाल मातीचा भाग मी त्यासाठी वापरत नाही.

हँडब्रेक सोडून केबल सैल केली की ड्रम काढायचा. हातोडा नको. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत. त्यांत ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की तो आपोआप सरकतो. आतली धूळ हवेने उडवू नका, नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा. एका वेळी एकच चाक उघडा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरायला झालं, तर बघायला दुसरी बाजू तशीच राहते. शूंना ड्रमकडे ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर जरा उचलून बघा. खाली ब्रेक ऑईलचा ओलावा दिसला तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

सगळं बसवल्यावर ब्रेक पाचसहा वेळा जोरात दाबले, अ‍ॅडजस्टरने शू आणि ड्रममधलं अंतर आपलं आपण घेतलं. नंतर केबल आवळली. आता हँडब्रेक पाचव्या-सहाव्या दातावर घट्ट धरतो, पूर्वी वरपर्यंत ओढावा लागे. सुरुवातीला पकड जरा कमी वाटली. शू ड्रमच्या गोलाईला बसेपर्यंत तसं होतंच. तेवढे दिवस मी गाडी अर्धीच भरत होतो. आता भरल्या गाडीने घाट उतरतो, दुसऱ्या गिअरवर, आणि वास नाही.

कोकणातल्यांसाठी एक सांगायचंच आहे. पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ड्रमला गंज धरून शू चिकटतात, मग नव्या लायनरचा कपचा निघू शकतो. पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.

पाचपैकी साडेचार गुण. स्प्रिंगा डब्यातच दिल्या असत्या तर पूर्ण पाच दिले असते.